जोडी फोडायची नाही

आमच्या घरात राग माझ्या नावावर आहे. बाबा हट्टी, आत्या चोंबडी आणि मी तापट, ही वाटणी फार पूर्वीच झालेली आहे आणि त्यावर कुणाची तक्रार नाही. म्हणून त्या शनिवारी सकाळी मी मागच्या खोलीतून "मर मेल्या!" असं किंचाळले, तेव्हा आत्यानं स्वयंपाकघरातून एवढंच विचारलं, "माणूस आहे की मशीन?"

"मशीन!"

"मग चालू दे."

मशीन म्हणजे माझा नवाकोरा सर्व्हर. दिसायला लोखंडी खोकं, पण आत मी चार कॉम्प्युटर वसवलेले. खरे नव्हेत, व्हर्च्युअल. एकाच खोक्याला चार वेगवेगळी मशीनं असल्याची बतावणी करायला लावायची, की एक नकाशे सांभाळतं, एक हिशेब लावतं, एक रखवाली करतं आणि एक सगळ्याची नक्कल ठेवतं. आत्याला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, "एका अंगात चार जणी? मग तुझ्याहून बरं, तुझ्या अंगात एकच आहे आणि तीही चिडकी."

आता मुद्द्याचं सांगते. मी नकाशे काढते. जमिनीखालून कुठली पाण्याची नळी कुठे जाते, कुठे वळते, कुठे गळते, त्याचे. एकवीस वर्षं हेच करते आहे. आमची शाखा महिनाअखेरीस बंद होणार होती आणि सगळ्यांना मुख्य ऑफिसात जायचा हुकूम आला होता. मुख्य ऑफिस म्हणजे रेल्वेनं अकरा तास. सवलत एकच. ज्याच्या घरी कुलूपबंद खोलीत स्वतःचा सर्व्हर असेल आणि तो ऑफिसच्या चाचणीत पास होईल, त्यानं घरून काम करावं. चाचणी शनिवारी दुपारी चार वाजता. पुन्हा संधी नाही, तसं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलेलं.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. हे घर सोडून ते शेजारच्या गल्लीतही राहायला जाणार नाहीत. आत्या एकोणऐंशीची, आणि धाकट्या भावाला सोडून ती कुठे जाणार नाही. आई गेल्यापासून आम्ही तिघंच. मी गेले असते तर मागे कोण उरलं असतं? एकाला गॅस बंद केल्याचं आठवत नाही, दुसरीला गुडघ्यामुळे दारापर्यंत जाववत नाही. बाबांना यातलं मी काही सांगितलं नव्हतं. ऑफिसची एक साधी तपासणी आहे, एवढंच. आत्याला सांगितलं होतं, पण गळ्याची शपथ घालून.

सर्व्हर मंगळवारी आला. इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत, सर्व्हर मागच्या खोलीत, मध्ये स्वयंपाकघर आणि बोळ. तीस मीटर केबल हवी होती. मी तयार केबल मागवते म्हटलं, तर बाबा असे बघायला लागले जणू मी घरात बाहेरचा आचारी आणते म्हटलं.

"तयार केबल? माझ्या घरात?"

बाबा टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. रस्त्यात खड्डा खणून, त्यात उकिडवं बसून, मनगटाएवढ्या जाड केबलमधल्या शेकडो बारीक तारा एकेक करून जोडायच्या, हे काम अडतीस वर्षं. टेलिफोनला दोन तारा लागतात. त्या दोन तारांची जोडी, एकमेकींना पीळ घातलेली. जॉइंटरच्या धंद्यात पहिला नियम एकच, जोडी फोडायची नाही. एका जोडीतली एक तार दुसऱ्या जोडीत गेली, की त्या माणसाचं नाव वर्षभर निघायचं. बाबांचं नाव कधी निघालं नाही, हे ते आम्हांला वर्षातून चार वेळा ऐकवायचे.

तर बाबांनी केबल घातली. दोन दिवस घेतले. भिंतीला पट्टी लावून, वीत वीत अंतरावर खिळे मारून, कोपऱ्यावर अशी गोल वळवली की बघत राहावं. दोन्ही टोकांना प्लास्टिकचे प्लग स्वतः दाबून बसवले. मग आठ दिव्यांचा टेस्टर लावला. एक, दोन, तीन करत आठही दिवे क्रमानं लागले.

"बघ," बाबा म्हणाले. "आठच्या आठ."

आणि गुरुवारपासून माझ्या नाकी नऊ आले.

खोक्याच्या आत चारही मशीनं एकमेकांशी गुण्यागोविंदानं बोलत होती. पण पुढच्या खोलीतल्या माझ्या लॅपटॉपवरून बोलायला गेलं की बोबडी वळायची. छोटा निरोप पाठवला तर जायचा. चार ओळींची फाइल जायची. नकाशा पाठवला की दोन टक्के, तीन टक्के, आणि धाडकन मान टाकायचा. पुन्हा पाठवला की पाच टक्के, आणि पुन्हा तेच.

मी इंटरनेटवर शहाण्यांना विचारलं. एक म्हणाला, तुमचा ब्रिज चुकलाय. ब्रिज म्हणजे खोक्यातल्या चार मशीनांना बाहेरच्या एका तारेवर आणणारा पूल, तोही व्हर्च्युअलच. मी पूल पाडून पुन्हा बांधला. दुसरा म्हणाला, दोन मशीनांना एकच पत्ता दिला असेल. मी सगळ्यांचे पत्ते बदलले. तिसऱ्यानं विचारलं, बाई, हे सगळं घरी हवंय कशाला? त्याला मी जे उत्तर दिलं ते तिथल्या लोकांनी दहा मिनिटांत काढून टाकलं. शुक्रवारी सगळं पुसून पहिल्यापासून बसवलं. तीनदा. तिसऱ्यांदाही नकाशानं तीन टक्क्यांवर मान टाकली तेव्हा मी हात टेकले.

केबलचा विचार मनात आला नाही का, असं कुणी विचारेल. नाही आला. आठ दिवे लागलेले मी स्वतः पाहिले होते. आणि बाबांच्या जोडावर संशय घ्यायचा, हे या घरात कुणाला सुचलंच नसतं.

शनिवारी दीड वाजता, निव्वळ काही सुचत नाही म्हणून, मी सर्व्हरचा तक्ता उघडला. तारेवरून आलेल्यातलं किती धड आलं आणि किती मोडकं, ते तिथे मोजलेलं असतं. मोडक्याच्या रकान्यात ऐंशी हजारांच्या वर आकडा होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

मी ते खोकं तसंच उचललं. आत्यानं दार धरलं. पुढच्या खोलीत आणून इंटरनेटच्या डब्याला, डब्याबरोबर आलेल्या हातभर तारेनं जोडलं. नकाशा पाठवला. दोन मिनिटांच्या आत पोचलासुद्धा! मी टाळी वाजवली, आत्याला गदागदा हलवलं, आणि तिथेच माझं तोंड उतरलं.

"काय गं?" आत्या म्हणाली.

"मशीन चांगलं आहे, आत्या."

"मग रडवेली का झालीस?"

"म्हणजे केबल वाईट आहे."

आत्या मटकन खुर्चीत बसली. आतल्या खोलीत बाबा जेवून झोपले होते, त्यांचं घोरणं ऐकू येत होतं.

पुढच्या खोलीत सर्व्हर ठेवून भागणार नव्हतं. त्या खोलीला दारच नाही, नुसती कमान. आणि चाचणी घेणाऱ्या मॅडम कॅमेऱ्यावर आधी खोलीचं कुलूप बघणार होत्या. एवढी लांब तयार केबल जवळच्या दोन दुकानांत नव्हती, फोन करून विचारलं. मी केबलचं टोक हातात घेऊन उजेडात धरलं. प्लगच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंगीत तारा दिसत होत्या. नारिंगीची जोडी, तिच्या शेजारी हिरवीची जोडी, मग निळीची, मग तपकिरीची. प्रत्येक जोडी शेजारी शेजारी, सुबक, एकही इकडची तिकडे नाही. आणि नेमकं तेच चुकलं होतं.

कॉम्प्युटरच्या प्लगात पहिली आणि दुसरी खाच एका जोडीची, पण तिसरीची जोडीदार चौथी नसते, सहावी असते. मध्ये दुसरीच जोडी बसवतात. का, ते ज्यानं ठरवलं त्याला माहीत. बाबांनी तिसरी-चौथी शेजारी ठेवल्या, त्यामुळे ज्या दोन खाचांना एक जोडी लागते तिथे दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक तार गेली. टेस्टरला काय, तार इकडून तिकडे पोचली की तो दिवा लावतो. जोडी कुणाची कुणाशी, हे तो विचारत नाही.

हे बाबांना कोण सांगणार? मी नाही. मी ठरवलं, गुपचूप दोन्ही टोकं तोडायची, नवे प्लग बसवायचे आणि म्हणायचं सॉफ्टवेअर बिघडलं होतं. बाबांची पेटी घेतली. आत चार प्लग शिल्लक होते आणि केबलचा एक उरलेला तुकडा, आधी त्यावर हात बसवून बघू म्हटलं. पहिल्यात सातच तारा शिरल्या, आठवी बाहेर वाकून बसली. दुसरा दाबताना पक्कड सटकली आणि प्लग चेचला. दोन प्लग उरले. टोकंही दोन. घड्याळात पावणेतीन. आता जुना प्लग तोडायला केबलचं खरं टोक हातात घेतलं आणि लक्षात आलं, घोरणं थांबलंय.

बाबा कमानीत उभे होते.

"माझी पेटी?"

"अं... स्क्रू ड्रायव्हर हवा होता." मी केबलचं टोक पाठीमागे धरलं. "बाबा, झोपा ना तुम्ही. सॉफ्टवेअरचा घोळ आहे."

"घोळ काय आहे ते तर सांग."

"तुम्हांला नाही कळायचं."

"नाही कळलं तर नाही कळलं. सांगायला काय जातं?"

मला दुसरं काही सुचेना म्हणून जे होत होतं तेच सांगितलं. छोटं जातं, मोठं मरतं. जवळच्या तारेवर चालतं, लांबच्या तारेवर चालत नाही. एक तार बोलायला लागली की दुसरीवर गोंधळ होतो. बाबा ऐकता ऐकता ताठ झाले. त्यांचा चेहरा असा उजळला की किती वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"अगं, हे तर आम्ही खड्ड्यात रोज बघायचो! टेलिफोनवर बोलताना तिसऱ्याच माणसाचं बोलणं ऐकू यायचं, आठवतं? जवळ ठीक, लांब गेलं की बोंब. जोडी फुटलीये जोडी! छातीठोक सांगतो." त्यांनी मांडीवर थाप मारली. "कुठल्या गाढवानं फोडली?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि आत्याच ती, तिच्या तोंडाला कुलूप कुठलं.

"केबल तूच घातलीस ना रे बाळ्या?" ती म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला आणि मी पाठीमागचं टोक निमूटपणे त्यांच्या हातात दिलं. ते खिडकीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला, टोक डोळ्यांना लावलं.

"जोड्या तर शेजारीच आहेत."

"हो, बाबा. पण या प्लगात तिसरीची जोडीदार सहावी असते."

"सहावी?"

"सहावी."

त्यांनी बोटानं खाचा मोजल्या. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "म्हणजे फोडायची नाही म्हणता म्हणता मीच फोडली." आवाज असा बारीक झाला होता की मला रडू फुटलं.

"बाबा, तुमच्या वेळी हे असलं नव्हतं, टेस्टरनंसुद्धा—"

"टेस्टर गेला खड्ड्यात. मॅडमचा फोन किती वाजता?"

"चारला."

"प्लग किती उरले?"

"दोनच. दोन मी वाया घालवले."

"तुला कुणी हात लावायला सांगितलं होतं?" बाबा ओरडले, आणि खरं सांगते, ते ओरडले म्हणून मला इतकं बरं वाटलं! "सरक. खोकं मागे नेऊन ठेव. ताई, खुर्ची दे. आणि उजेड सोड."

त्यांनी कात्री घेतली आणि स्वतःचा जोड स्वतःच्या हातानं कापला. कट् असा आवाज झाला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग तारा सोलल्या, पीळ सोडवले, बोटांनी सरळ केल्या. आणि थांबले.

"वाच," ते म्हणाले.

"काय?"

"रंग वाच. मला हिरवा आणि निळा वेगळा दिसत नाही हल्ली."

हे मला माहीत नव्हतं. बुधवारी एका टोकाला त्यांना अख्खी दुपार का लागली, ते आता कळलं. बोटानं एकेक तार दाखवत वाचायला लागले. पांढरा-नारिंगी. नारिंगी. पांढरा-हिरवा. निळा. पांढरा-निळा. हिरवा. पांढरा-तपकिरी. तपकिरी. बाबा माझ्यामागून म्हणत तारा लावत गेले. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी बसवताना त्यांच्या तोंडून "अरेरे" निघालं, पण बसवली. आठही तारा एका रेषेत कापल्या, प्लगात सरकवल्या, पक्कड दाबली. पहिलं टोक झालं. साडेतीन वाजले होते.

दुसरं टोक मागच्या खोलीत. तिथे उजेड कमी. आत्या गुडघ्यांना शिव्या देत टॉर्च धरून उभी राहिली. मी भराभरा वाचायला लागले. बाबांनी तारा प्लगात सरकवल्या, पक्कड लावली आणि दाबता दाबता थांबले.

"पुन्हा वाच."

"बाबा, वाचलं ना! पंचवीस मिनिटं उरलीत!"

"पुन्हा वाच म्हणतो."

मी दात ओठ खात पुन्हा वाचलं. चौथ्या जागी निळा हवा होता. मी घाईत पांढरा-निळा लावायला सांगितलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मोजत होतो मी," बाबा म्हणाले. "तू पांढरा लागोपाठ दोनदा म्हणालीस. डोकं तापवून जोड होत नसतो." त्यांनी तारा बाहेर ओढल्या, दोघींची अदलाबदल केली, पुन्हा सरळ कापल्या, सरकवल्या. मी तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर सावकाश. मग त्यांनी पक्कड दाबली.

प्लग सर्व्हरला लावला. गुरुवारपासून तिथला दिवा पिवळा होता. तो एकदा विझला, दोनदा मिचकावला आणि हिरवा झाला. मोडक्याचा रकाना पुसून शून्यावर आणला. नकाशा पाठवला. पाच टक्के, वीस, साठ, पोचला! रकान्यात शून्य. दुसरा पाठवला. शून्य! मी तिसराही पाठवला, नुसता चैनीखातर.

बरोबर चारला मॅडमचा फोन आला. आवाज एकदम कोरडा. कुलूप दाखवा. दाखवलं. खोली दाखवा. दाखवली. टॉर्च हातात धरलेली आत्या कॅमेऱ्यात आली.

"या कोण?"

"रखवालदार," आत्या म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. बारा जीबीचा नकाशा त्या तिकडून ओढणार होत्या आणि दहा मिनिटांच्या आत तो पोचायला हवा होता. "सुरू करते," त्या म्हणाल्या. बोळात बाबा पाठीमागे हात बांधून उभे होते, स्वतःच्या केबलकडे डोळे वटारून. एक मिनिट. दोन. आत्या पुटपुटत होती. चार मिनिटं. पाच. तिकडे कळफलकाचा खडखडाट झाला आणि मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं चाळीस सेकंद. एकही एरर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पास. सोमवारपासून घरूनच काम सुरू करा." पहिल्यांदाच तो आवाज थोडा माणसासारखा झाला. "आज सकाळपासून सहा घरं तपासली. इतकी स्वच्छ लाइन कुणाचीच नव्हती. वायरिंग कुणाकडून करून घेतलंत?"

"आमचे एक जॉइंटर आहेत," मी म्हटलं. "अडतीस वर्षांचा अनुभव. पण बाहेरची कामं घेत नाहीत."

फोन ठेवला आणि मी जी किंकाळी फोडली, ती समोरच्या घरापर्यंत गेली असणार. आत्याला मिठी मारली, टॉर्च खाली पडली, सर्व्हरच्या डोक्यावर मी दोन थापा मारल्या. जिंकलो! तीन दिवस त्या खोक्यानं मला रडवलं होतं आणि आता ते गपगुमान घुंघुं करत बसलं होतं. धावत बोळात गेले. बाबा खाली वाकून कोपऱ्यावरचा एक खिळा अंगठ्यानं चाचपत होते.

"बाबा, मला तुम्हांला एक सांगायचंय. ही साधी तपासणी नव्हती. नापास झाले असते तर मला—"

"अकरा तास. रेल्वेनं," बाबा म्हणाले, वर न बघता. "माहीत आहे मला."

मी गर्रकन वळून आत्याकडे पाहिलं. आत्या लगबगीनं चहा टाकायला निघाली होती.

"कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

"मग बोलला का नाहीत?" माझा पारा चढला. "इथे मी तीन दिवस तोंड दाबून, जीव टांगणीला लावून, आणि तुम्ही ढिम्म?"

"काय बोलणार? जाऊ नकोस म्हणून?" बाबा सरळ झाले. "तुझी नोकरी आहे, तुझी वर्षं आहेत. ते मला कसं म्हणता येईल? म्हणून म्हटलं, केबल तरी आपण घालू या. आणि तीच मी..." भिंतीकडे तोंड करून त्यांनी चष्मा पुसला.

माझा सगळा राग कुठे गेला कळलंच नाही. "मग आता म्हणा," मी म्हटलं.

"काय?"

"जाऊ नकोस, असं."

"आता कशाला? आता तू जातेस कुठे!"

"तरी म्हणा. मला ऐकायचंय."

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत्या दारातच कान देऊन उभी होती. त्यांनी घसा खाकरला, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"जाऊ नकोस गं," ते म्हणाले.

"नाही जात," मी म्हटलं.